मोडले ते टाकावे काय?

वस्तू नवी असते तेव्हा तिचे कौतुक सारेच करतात. तिची खरी परीक्षा ती बिघडते त्या दिवशी होते. आणि त्याच दिवशी तिच्या धन्याचीही परीक्षा होते. पूर्वी भांड्याची कल्हई उडाली की दारावर कल्हईवाला येई. छत्रीची काडी मोडली की काडी बदलली जाई, छत्री नव्हे. आजही कुकरची रबरी रिंग सैल झाली म्हणून कोणी कुकर फेकून देत नाही. दुकानातून नवी रिंग आणली जाते, आणि संध्याकाळी कुकरची शिट्टी पुन्हा वाजते.

मग यंत्र मोठे झाले की माणसाचा हा शहाणपणा कोठे जातो? कुकर उघडणारा हात मोठ्या यंत्रापुढे का कचरतो? भांडी धुण्याच्या यंत्राचे, म्हणजे डिशवॉशरचे, उदाहरण या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. युरोप-अमेरिकेतील असंख्य घरांत हे यंत्र आहे. महाराष्ट्रातील शहरांतही ते आता काही घरी दिसू लागले आहे.

या यंत्राचा जन्म मोठ्या कारखान्यात झाला नाही. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात शेल्बीव्हिल नावाचे गाव आहे. तेथे जोसेफाइन कॉक्रेन नावाची एक गृहिणी राहत असे. तिच्याजवळ चिनी मातीची सुंदर भांडी होती. धुताना नोकरांच्या हातून त्यांचे टवके उडत, याचे तिला वाईट वाटे. तिने बशा व पेले मोजले, त्यांच्या मापाचे तारेचे कप्पे तयार केले आणि कप्प्यांवर गरम साबणाचे पाणी जोराने सोडण्याची युक्ती योजली. 1883 साली तिच्या पतीचे निधन झाले. मागे कर्ज राहिले. तरी ती खचली नाही. घरामागच्या छपरीत एका कुशल कारागिराच्या मदतीने तिने यंत्र पुरे केले आणि 1886 साली त्याचे पेटंट मिळवले. 1893 साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात या यंत्राला उत्तम बांधणी व टिकाऊपणा यांबद्दल पारितोषिक मिळाले. टिकाऊपणा हा या यंत्राचा अगदी पहिल्यापासूनचा गुण होय.

आजचे यंत्र अधिक सुबक असले, तरी त्यातील तत्त्व तेच आहे. झडप उघडते आणि नळाचे पाणी आत येते. ते तापवले जाते. मग पंप ते पाणी छिद्रे असलेल्या भुजांमध्ये ढकलतो. छिद्रांतून पाणी जोराने उसळते आणि त्या जोरानेच भुजा गरगर फिरू लागतात. भांड्यांवरून ओघळलेले पाणी तळाच्या गाळणीतून गाळले जाऊन पुन्हा वर जाते. शेवटी दुसरा पंप मळके पाणी बाहेर टाकतो. दाराच्या कडेची रबरी पट्टी पाणी बाहेर सांडू देत नाही. इतके समजले की यंत्राचे गूढ बरेचसे उकलते.

समजा, एखाद्या घरी हे यंत्र बिघडले. भांडी खरकटीच राहतात, तळाशी पाणी साचते, दारातून थेंब गळतात. घरातील कोणी म्हणतो, "जुने झाले, आता नवे घ्या." पण घरातील विचारी माणूस आधी विजेचे बटण बंद करून पिन काढतो, नळ बंद करतो, आणि मगच यंत्राला हात लावतो. तो गाळणी बाहेर काढतो. तिच्यात लिंबाच्या बिया आणि भाताची शिते अडकलेली असतात. भुजेची छिद्रे क्षारयुक्त पाण्याने बुजलेली असतात. ती बारीक काडीने मोकळी होतात. दाराची पट्टी एका जागी चिरलेली दिसते. तो यंत्रावरील पत्र्यावर लिहिलेला क्रमांक टिपून घेतो आणि त्याच क्रमांकाच्या यंत्राची पट्टी मागवतो. पट्टी येते, खाचेत बसते, यंत्र चालू होते. हे सारे शेजारी उभे राहून पाहणारे मूल त्या दिवशी विज्ञानाचा एक धडा शिकते, आणि तो धडा ते सहसा विसरत नाही.

येथे एक मर्यादा मात्र पाळली पाहिजे. ज्या भागांतून वीज खेळते, ते भाग जाणकाराच्याच हाती सोपवावेत. पाणी आणि वीज जेथे एकत्र येतात, तेथे अर्धवट ज्ञान जिवावर बेतू शकते. मुलांनी पाहावे, विचारावे, स्क्रू जपून ठेवावेत; पण मोठ्या माणसांवाचून यंत्र उघडू नये. आपल्याला काय येत नाही, हे ओळखणे हाही कौशल्याचाच भाग आहे.

पण घरधनी कितीही हौशी असला, तरी पट्टीच मिळाली नाही तर त्याने काय करावे? पुष्कळदा घोडे येथेच अडते. यंत्र विकून झाले की काही उत्पादक त्याचे सुटे भाग ठेवीत नाहीत. काही जण भाग असे चिकटवून टाकतात, की ते काढताना यंत्रच मोडावे. मग हातभर रबरासाठी पोलाद, तांबे आणि प्लास्टिक यांचा सारा सांगाडा भंगारात जातो. खाणीतून धातू काढण्यास, तो वितळवण्यास व घडवण्यास खर्ची पडलेली शक्ती वाया जाते. ही नुसती पैशाची उधळपट्टी नव्हे. पृथ्वीच्या ठेव्याची नासाडी आहे.

म्हणून दुरुस्तीचे काम केवळ सद्गुणावर सोडून चालत नाही. त्याला कायद्याचा आधार लागतो. युरोपीय संघाने 2019 साली डिशवॉशरसाठी नियम केले आणि ते 1 मार्च 2021 पासून लागू झाले. दाराच्या बिजागऱ्या, रबरी पट्ट्या, फवाऱ्याच्या भुजा, गाळण्या व भांड्यांचे कप्पे हे भाग सामान्य ग्राहकालाही निदान 10 वर्षे मिळाले पाहिजेत, असे हे नियम सांगतात. मोटार, पंप यांसारखे भाग जाणकार कारागिरांना निदान 7 वर्षे मिळाले पाहिजेत. घरच्या माणसाचे काम कोणते आणि कारागिराचे कोणते, हा विवेक त्यांत सांभाळलेला आहे. भारतातही केंद्र सरकारने 2022 साली दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली. ही सुरुवात योग्य आहे. मात्र सुटा भाग गावोगावच्या दुकानात रास्त भावाने मिळू लागेल, तेव्हाच तो हक्क खरा ठरेल.

कोणी म्हणेल, दुरुस्तीत वेळ जातो, आणि कधी कधी ती नव्या वस्तूइतकीच महाग पडते. हे खोटे नाही. सांगाडाच गंजून गेला असेल, तर यंत्राचा मोह सोडावा हे बरे. परंतु दुरुस्ती महाग का पडते, हेही पाहिले पाहिजे. भाग दुर्मीळ केला की तो महाग होतो. कारागिराला काम मिळेनासे झाले की कारागीरही दुर्मीळ होतो. लोक दुरुस्तीची मागणी करतील, तर भागही मिळतील आणि चौकातील कारागिराची चूलही पेटती राहील.

तेव्हा मोडले ते टाकावे काय? टाकण्यापूर्वी ते उघडून पाहावे, हेच खरे उत्तर. जी वस्तू समजून घेता येते आणि सुधारता येते, तिचाच माणूस खरा मालक असतो. बाकीच्या वस्तू त्याच्या घरात असतात खऱ्या. पण बिघडण्याच्या दिवसापर्यंतच त्या त्याच्या असतात.