नौरू : पायाखालची जमीन विकून झालेला देश

घरात जगाचा नकाशा असेल तर तो काढा आणि मुलांना ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला, प्रशांत महासागरात, नौरू नावाचा देश शोधायला सांगा. नाव सापडेल, देश दिसणार नाही, कारण नकाशावर त्या नावाची अक्षरेच देशापेक्षा मोठी असतात. विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम पंचावन्न-साठ किलोमीटरवर हे एकच बेट आहे. क्षेत्रफळ २१ चौरस किलोमीटर, लोकसंख्या सुमारे १२ हजार. व्हॅटिकन आणि मोनॅको सोडले तर जगात याहून लहान देश नाही. जवळचा शेजारी म्हणजे किरिबाटीचे बनाबा बेट, तेही पूर्वेला सुमारे ३०० किलोमीटरवर.

बेटाच्या कडेने एक रस्ता आहे, सुमारे १९ किलोमीटरचा. स्कूटरवर बसलात तर अर्ध्या-पाऊण तासात संपूर्ण देशाला फेरी मारून घरी परत! या रस्त्याच्या आजूबाजूला किनाऱ्याची अरुंद सपाट पट्टी आहे. घरे, शाळा, दवाखाना, विमानतळाची धावपट्टी, सगळे तिथेच. नदी एकही नाही. पिण्याचे पाणी पावसाचे, नाहीतर समुद्राचे गोडे करून घेतलेले. आत बुआदा नावाचे एक छोटे तळे आहे आणि त्याच्या भोवती नारळाची, केळीची हिरवळ. किनाऱ्याजवळच समुद्र एकदम खोल होतो, त्यामुळे नैसर्गिक बंदर नाही. बोटी किनाऱ्यापासून दूर बांधून माल उतरवण्याची कसरत वर्षानुवर्षे चालली. अलीकडे आयवो येथे बंदराचे काम हाती घेण्यात आले.

देशाला अधिकृत राजधानीही नाही. संसद आणि सरकारी कचेऱ्या यारेन या भागात आहेत, म्हणून लोक त्यालाच राजधानी म्हणतात.

मूळचे नौरूवासी बारा कुळांचे. मूल आईच्या कुळाचे मानले जाते. निळ्या झेंड्यावर मधोमध पिवळी रेघ आहे ती विषुववृत्ताची, आणि तिच्या खाली पांढरा तारा आहे तो बारा टोकांचा, म्हणजे बारा कुळांचा. रेघ आणि तारा मिळून देशाचा नकाशाच झाला. १७९८ मध्ये जॉन फर्न हा इंग्रज कप्तान इथून गेला तेव्हा त्याने बेटाला ‘सुखद बेट’ असे नाव दिले. पुढे व्हेल मारणारी जहाजे आली, त्यांच्याबरोबर बंदुका आणि दारू आली आणि १८७८ पासून दहा वर्षे कुळाकुळांत लढाई पेटली. १८८८ मध्ये जर्मनीने बेट ताब्यात घेऊन ती थांबवली.

आता त्या दगडाची गोष्ट. सिडनीतल्या एका व्यापारी कंपनीच्या कचेरीत दार उघडे ठेवण्यासाठी एक दगड टेकवलेला असे. तो नौरूहून आलेला होता आणि दगड झालेले जुने लाकूड म्हणून कोणी त्याच्याकडे लक्ष देत नव्हते. कंपनीतल्या आल्बर्ट एलिस या कर्मचाऱ्याने १९०० च्या सुमारास तो तपासून घेतला. निघाले काय, तर उत्तम प्रतीचे फॉस्फेट! आपल्याकडे शेतकरी सुपर फॉस्फेटची गोणी आणतो, ते खत ज्या दगडापासून बनते तोच हा दगड. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेपासून हजारो वर्षांत तो तयार झाला असे मानतात. नौरूच्या मधल्या पठारावर त्याचे थरच्या थर होते.

खाणकाम लवकरच सुरू झाले. जमीन मालकाला सुरुवातीला टनामागे अर्धा पेनी मिळत असे. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाने जर्मनांकडून बेट घेतले आणि नंतर राष्ट्रसंघाने ते ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या तिघांच्या हवाली केले. कागदावर शब्द होता विश्वस्त. या तिन्ही सरकारांनी मिळून एक मंडळ नेमले आणि ते मंडळ फॉस्फेट बाजारभावाने न विकता उत्पादनखर्चाच्या भावात ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या शेतकऱ्यांना पुरवू लागले. त्या देशांची कुरणे हिरवी झाली, दूध-लोणी जगभर गेले. ज्याला विश्वस्त नेमले त्यानेच अज्ञान वारसाचा माल स्वतःच्या घरी स्वस्तात नेला, तर आपण त्याला काय म्हणतो ते सांगायला नको.

या काळात नौरूचे लोक संपून जातात की काय अशी भीती होती. १९२० च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत पुष्कळ माणसे गेली. एक जमात म्हणून टिकायचे असेल तर किमान १,५०० माणसे हवीत असे ठरले, आणि २६ ऑक्टोबर १९३२ रोजी त्या आकड्याचे मूल जन्माला आले. तो दिवस ‘अंगाम’ म्हणून आजही साजरा होतो. एका बाळाच्या जन्माचा दिवस साऱ्या देशाने सण म्हणून पाळावा, हे इतरत्र कुठे असेल असे वाटत नाही.

पण तो आकडा टिकला नाही. १९४२ मध्ये जपानी सैन्य आले. त्यांनी सुमारे १,२०० नौरूवासीयांना बोटींत भरून हजारभर मैल दूर ट्रुक बेटांवर मजुरीला नेले. भूक, रोग आणि बाँबवर्षाव यांत शेकडो मेले. ३१ जानेवारी १९४६ रोजी ७३७ माणसे परत आली. बावीस वर्षांनी, १९६८ मध्ये, देश स्वतंत्र झाला तेव्हा त्यांनी मुद्दाम हीच ३१ जानेवारी तारीख निवडली.

स्वातंत्र्याच्या आधी आणखी एक प्रस्ताव आला होता. खाणी संपल्यावर बेट राहण्याजोगे उरणार नाही, तेव्हा सगळ्यांनी ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळच्या कर्टिस बेटावर राहायला जावे, असे ऑस्ट्रेलियाने सुचवले. नौरूचे म्हणणे होते की आम्ही येऊ, पण एक राष्ट्र म्हणून. ते मान्य झाले नाही आणि १९६४ मध्ये त्यांनी नकार दिला. या नकाराचे पुढारी हॅमर डिरॉबर्ट हेच पुढे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. खाणीची यंत्रसामग्री २ कोटी १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर देऊन विकत घ्यायचे ठरले आणि १९७० पासून खाण नौरूच्या हातात आली.

मग पैसा आला, आणि असा आला की सत्तरच्या दशकात दरडोई उत्पन्नात नौरूचे नाव जगातल्या सर्वांत श्रीमंत देशांत घेतले जाऊ लागले. प्राप्तिकर नाही, दवाखाना फुकट, परदेशातले शिक्षण सरकारी खर्चाने. जमीन तिथे कुटुंबांच्या मालकीची असते आणि वारसांत वाटली जात जात एकेका तुकड्याला कित्येक मालक झालेले असतात. वाटणी न झालेल्या सातबाऱ्यावर नावांची लांबलचक रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. त्या सर्वांना स्वामित्वधन मिळू लागले. सरकारने मेलबर्नमध्ये ‘नौरू हाऊस’ ही ५२ मजली इमारत बांधली, मुठीएवढ्या देशासाठी बोइंग विमानांचा ताफा उभा केला. १९९३ मध्ये लंडनला लिओनार्दो दा विंचीवर एका संगीत नाटकासाठी पैसा घातला, ते आपटले. पुढच्या पिढ्यांसाठी म्हणून ठेवलेला निधी एकेकाळी १०० कोटी डॉलरच्या पुढे गेला होता. चुकीचे सल्लागार, चुकीची गुंतवणूक आणि त्या निधीच्या भरवशावर काढलेली कर्जे यांत तो विरघळला. २००४ मध्ये नौरू हाऊस विकावे लागले. २००५ च्या डिसेंबरात उरलेले शेवटचे विमानही कर्ज देणाऱ्यांनी नेले.

नौरूवर लिहिणारे बहुतेक लोक इथे थांबतात आणि उधळ्या वारसाची गोष्ट म्हणून ती सांगतात. उधळपट्टी झाली हे खरे आहे. परंतु हिशेब पहिल्या पानापासून वाचायला हवा. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा खोदलेल्या जमिनीचा सुमारे एक तृतीयांश भाग आधीच ओरबाडला गेला होता. नौरूने श्रीलंकेचे कायदेपंडित ख्रिस्तोफर वीरमंत्री यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला आणि १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले. हा खटला ऐकण्याचा अधिकार आम्हाला आहे असे न्यायालयाने १९९२ मध्ये सांगताच ऑस्ट्रेलियाने तडजोड केली आणि १० कोटी ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर देण्याचे कबूल केले. त्यात ब्रिटन आणि न्यूझीलंडनेही वाटा उचलला. एवढ्याशा देशाने हा दावा लावला आणि पैसे वसूल केले, हे उधळ्या वारसाच्या गोष्टीत कोणी सांगत नाही.

पठार मात्र गेले. बेटाचा चार पंचमांश भाग खणून झालेला आहे. दगडाच्या सांदींतले फॉस्फेट काढून घेतल्यावर मागे प्रवाळाचे उंच, करडे सुळके उभे राहतात. त्यांवर ना झाड लावता येते ना घर बांधता येते. उन्हाने ते तापतात आणि पाऊस हुसकावून लावतात, असे तिथले लोक सांगतात.

जमीन गेली तसे ताटही बदलले. पूर्वी मासे, नारळ, केवड्याच्या जातीच्या झाडाची फळे आणि रात्री जाळ्याने धरलेले नॉडी पक्षी हे तिथले अन्न होते. पैसा आल्यावर डबाबंद मांस, तांदूळ, साखर आणि गोड पेये जहाजाने येऊ लागली आणि चालण्याची जागा मोटारीने घेतली. सत्तरच्या दशकात डॉक्टरांनी तपासणी केली तेव्हा सुमारे एक तृतीयांश प्रौढांना मधुमेह निघाला. आजही पाय कापावा लागलेली, डायलिसिसवर असलेली माणसे तिथे घरोघर ओळखीची असतात. या मजकुराच्या वेळी आपल्या घरातल्या साखरेच्या डब्याकडे लक्ष गेले तर बरेच.

राज्यकारभाराची रचना साधी आहे. संसदेचे एकच सभागृह, सदस्य १९, मुदत तीन वर्षे. वीस वर्षांवरील प्रत्येकाला मतदान सक्तीचे. सदस्य आपल्यातूनच राष्ट्राध्यक्ष निवडतात आणि तोच पंतप्रधानाचेही काम करतो. मतदानाची रीत मोठी गमतीची आहे. मतपत्रिकेवर सगळ्या उमेदवारांना क्रम द्यायचा. पहिल्या पसंतीला पूर्ण एक मत, दुसरीला अर्धे, तिसरीला एक तृतीयांश, चौथीला पाव. सगळ्या तुकड्यांची बेरीज ज्याची जास्त तो निवडून येतो. १९७१ पासून ही पद्धत चालू आहे. बळकट पक्ष नाहीत, सगळे एकमेकांचे नातेवाईक, त्यामुळे दोन सदस्य रुसले की सरकार पडते. १९८९ ते २००३ या काळात सतरा वेळा सरकार बदलले. मार्कस स्टीफन हे राष्ट्रकुल स्पर्धांत सुवर्णपदके मिळवलेले वेटलिफ्टर, तेही २००७ ते २०११ राष्ट्राध्यक्ष होते. लष्कर नाही. संरक्षणाची जबाबदारी ऑस्ट्रेलियाची.

दगड संपत आला तेव्हा सरकारपाशी विकायला काय उरले? देश असणे. नव्वदच्या दशकात परक्यांसाठी कागदावरच्या बँका नोंदवून दिल्या, पासपोर्ट विकले. रशियाच्या मध्यवर्ती बँकेने सांगितले की १९९८ या एका वर्षात ७० अब्ज डॉलर नौरूच्या बँकांतून बाहेर गेले. संयुक्त राष्ट्रांत नौरूलाही भारताइतकेच एक मत आहे. तैवानशी संबंध तोडून चीनशी, मग परत तैवानशी आणि जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा चीनशी, असा प्रवास त्या मताने केला.

सर्वांत दुःखद सौदा २००१ चा. त्या ऑगस्टमध्ये बुडणाऱ्या बोटीतून चारशेहून अधिक माणसांना ‘टाम्पा’ या नॉर्वेच्या जहाजाने वाचवले. त्यातले बहुतेक तालिबानला भिऊन निघालेले अफगाणिस्तानचे हजारा मुसलमान होते. ऑस्ट्रेलियाने त्यांना आपल्या किनाऱ्यावर उतरू दिले नाही आणि पैसे देऊन त्यांतल्या बऱ्याच जणांना नौरूला ठेवले. छावणी २००८ मध्ये बंद झाली, २०१२ मध्ये पुन्हा उघडली. लहान मुलांसह कुटुंबे तिथे वर्षानुवर्षे अडकून पडली. २०१६ मध्ये एका इराणी तरुणाने स्वतःला पेटवून घेतले आणि तो वाचला नाही. बाहेरच्या पत्रकारांना येता येऊ नये म्हणून व्हिसाची फी २०० डॉलरवरून ८,००० डॉलर केली होती. २०१९ च्या फेब्रुवारीत शेवटची मुले तिथून हलवली गेली. नौरूच्या सामान्य माणसाला या छावणीत पहारेकऱ्याची, स्वयंपाक्याची नोकरी मिळाली. घर चालवणाऱ्या त्या माणसाला दोष देणे मला तरी जमत नाही. निर्वासितांचा प्रश्न दुसऱ्याच्या अंगणात टाकणाऱ्या श्रीमंत शेजाऱ्याची गोष्ट वेगळी.

आता समुद्र वाढतो आहे. बहुतेक लोकवस्ती किनाऱ्याच्या पट्टीत, आणि उंच जागा म्हणाल तर एकच, ते खणलेले पठार. सुळके फोडून, सपाट करून, माती आणून तिथे नवी वस्ती बसवायची अशी सरकारची योजना आहे. तिच्यासाठी पैसा हवा म्हणून नौरूने २०२५ मध्ये परदेशी लोकांना पुन्हा नागरिकत्व देऊ केले. तेव्हा माणशी किंमत १ लाख ५ हजार अमेरिकी डॉलरपासून पुढे होती.