सायकल न्यायची कशी?

बारावीचे निकाल लागले की नांदेड आणि लातूरमधून पुण्याकडे विद्यार्थ्यांचा ओघ सुरू होतो. गादी, पुस्तके, भांडी यांची सोय कशीबशी लागते. अडते ती सायकल. पुण्यात जाऊन नवी घेणे अनेक घरांना परवडणारे नाही आणि घरची न्यावी, तर ती सुखरूप पोहोचेल याची शाश्वती नाही.

रेल्वेच्या नियमांत सायकलीला स्थान आहे. प्रवासाचे तिकीट असेल तर ती ‘लगेज’ म्हणून त्याच गाडीच्या ब्रेकव्हॅनमधून नेता येते, नसेल तर ‘पार्सल’ म्हणून पाठवता येते. प्रवाशाला मिळणारी मोफत सामानाची सवलत मात्र तिला लागू नाही. शिवाय ब्रेकव्हॅनमधील जागा रेल्वे मोठ्या प्रमाणावर खासगी कंत्राटदारांना भाडेपट्ट्याने देते. त्यांच्या गठ्ठ्यांपुढे एखाद्या विद्यार्थ्याच्या सायकलीची मातब्बरी ती काय!

गाडी थांबते किती वेळ, हा त्याहून कळीचा मुद्दा. लातूरमार्गे पुण्याला जाणारी पनवेल एक्सप्रेस नांदेडहूनच सुटते, त्यामुळे तेथे सामान चढवण्यास उसंत मिळते. लातूर हे तिच्या वाटेतले स्थानक. पुणेही वाटेतलेच, तेथे सायकल वेळेत उतरवली गेली नाही, तर ती थेट पनवेल गाठणार. त्यात पत्त्याच्या चिठ्ठीवर ‘लातूर’ऐवजी ‘लातूर रोड’ लिहिले गेले, तर घोळ आणखी वाढतो. ही दोन स्थानके सुमारे तीस किलोमीटर अंतरावर आहेत आणि प्रशासनाच्या दृष्टीने तर आणखी दूर: लातूर मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात, लातूर रोड दक्षिण मध्य रेल्वेच्या सिकंदराबाद विभागात. नांदेडचा विभाग तिसराच. तक्रार नेमकी कोणाकडे करायची, हे सामान्य माणसाने कसे ओळखावे?

बांधणीबाबतही गैरसमज आहेत. विमानाने न्यायची असेल तर खोके हवेच. लुधियानाहून नव्या सायकली ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत येतात, ती दुकानदाराकडे मागितल्यास मिळू शकतात. पुढचे चाक व पेडल काढावे लागतात (डावे पेडल उलट्या आट्यांचे असते, हे ठाऊक नसल्याने पुष्कळजण ते आणखी घट्ट करून बसतात). रेल्वेसाठी मात्र सायकल सुटी करू नये, असे आमचे मत आहे. खोके दिसले की त्यावर दुसरे ओझे चढते. चालती सायकल हमाल ढकलत नेतो. सांगाडा व गिअर गोणपाटात गुंडाळून सुतळीने आवळावेत आणि नाव, दूरध्वनी व स्थानक दोन ठिकाणी लिहावे. पंप, दिवा, घंटी काढून पिशवीत घ्यावी.

पूर्वी एसटीच्या टपावर सायकल बांधली जाई आणि वाहक सामानाचे तिकीट फाडत असे. २०१७ मध्ये आलेल्या ‘शिवशाही’ला टपावर कॅरिअर नाही. उरते खासगी ट्रॅव्हल्सची डिक्की. तेथे दर तोंडी ठरतो आणि पावती मिळेलच असे नाही. सायकल वाकली तर दाद मागायला हाती कागदच नसतो.

लातूर-मुंबई गाडी बिदरपर्यंत नेण्यावरून २०१७ मध्ये लातूरकर रस्त्यावर उतरले. तो लढा आसनांसाठी होता आणि रास्त होता. सायकलीसाठी कोणी रस्त्यावर उतरणार नाही. पण नागपूर मेट्रोने प्रवाशांना डब्यात सायकल नेण्याची मुभा दिली आहे, आणि जर्मनीत प्रादेशिक गाड्यांत सायकलीचे वेगळे तिकीट मिळते. नांदेडहून सुटणाऱ्या एका पुणे गाडीत, जून-जुलैच्या दोन महिन्यांपुरती, ब्रेकव्हॅनमधील चार सायकलींची जागा कंत्राटातून वगळणे रेल्वेला अशक्य नाही.