अंगणातलं हिरवं पाणी

मैत्रिणींनो, गेल्या मे महिन्यातली गोष्ट. सकाळी अंगण झाडताना गाडीखाली हिरवट, बुळबुळीत पाणी दिसलं. एक दिवस नाही, सलग तीन दिवस. घरात सांगितलं तर उत्तर आलं, "एसीचं पाणी असेल, तुला काय कळतंय त्यातलं?" मीही गप्प बसले.

मंगळवारी सगळे तुळजापूरला दर्शनाला निघालो. सोलापूरचं ऊन तर तुम्हाला माहीतच आहे, पारा ४२-४३च्या घरात. घाट चढताना गाडीचा काटा लाल खुणेवर गेला नि बॉनेटमधून वाफ निघू लागली. दिरांनी घाईघाईनं फडकं धरून रेडिएटरचं झाकण फिरवलं. उकळतं पाणी उसळलं आणि त्यांचा हात कोपरापर्यंत भाजला. चेहरा वाचला, ही आई भवानीचीच कृपा.

नंतर मेस्त्रींनी समजावलं तेव्हा मनाशी म्हटलं, अगं, हा तर आपला कुकर! झाकण घट्ट असल्यानं आतलं पाणी १०० अंशाला उकळत नाही, थेट १२०च्या आसपास जातं. झाकण सैल केलं की सगळं एकदम बाहेर उसळतं. शिट्टी वाजत असताना कुकरचं झाकण आपण कधी उघडतो का?

म्हणून एवढं लक्षात ठेवा. एसीचं पाणी स्वच्छ असतं, त्याला वास नसतो. कूलंट हिरवं, गुलाबी किंवा लालसर असतं, बोटाला तेलकट लागतं. शंका आली तर रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा ठेवा, सकाळी रंग दिसेल. कूलंट बहुधा विषारी असतं आणि चवीला गोड. लहान मूल किंवा कुत्रं-मांजर चाटायच्या आत ते धुऊन काढा.

वाटेत काटा चढला तर गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, सगळ्यांना गाडीपासून लांब सावलीत बसवा. निदान अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नका. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नका, तडा जातो. तसंच रेटत नेलं तर इंजिनच बसतं आणि खर्च हजारांत जातो. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ या क्रमांकावर मदत मागता येते.

गळती थांबवायला हळद टाकायची युक्ती बरेच ड्रायव्हर सांगतात. घरी पोहोचण्यापुरती ती चालेलही, पण पुढे बारीक नळ्या तुंबतात. बोअरचं पाणी रोज ओतणंही तसंच. हीटरच्या कॉइलवर चढतो तसा पांढरा थर आत चढतो. नळी, झाकण किंवा रेडिएटर, जे गळत असेल ते वेळेवर दुरुस्त करून घेणं हेच स्वस्त.

दिरांचा हात आता बरा आहे, डाग मात्र राहिला. तो दिसला की मला त्यांच्या घाईपेक्षा माझं गप्प बसणंच जास्त टोचतं. अंगण आपण झाडतो, म्हणून गळती आधी आपल्यालाच दिसते. गाडी चालवता येत नसली तरी डोळे आहेत ना? दिसलं ते सांगा. कुणी ऐकलं नाही तर पुन्हा सांगा. आणि गाडीची किल्ली मेस्त्रींनी तपासल्याशिवाय कुणाच्या हाती देऊ नका.