टूर सुरू कुठून होते?

सायकल टूरिंगचा विषय निघाला की कट्ट्यावर एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'सायकल चालवावी तर युरोपात. आपल्याकडे कुठे!' त्यावर दुसरा कुणीतरी म्हणतो, 'पण तिथे आपल्यासारखी माणसं नाहीत रे.' दोघांचंही म्हणणं अर्धं खरं आहे. सायकलींचा देश म्हणून ओळखलं जाणारं नेदरलँड्स आणि आपलं चाकण शेजारी-शेजारी ठेवून बघा.

समजा, तुम्ही अ‍ॅमस्टरडॅममध्ये शिकताय आणि शनिवारी सकाळी निघालात. दाराबाहेर पडलात की थोड्याच अंतरावर सायकलचा वेगळा रस्ता लागतो, बऱ्याचदा लालसर डांबराचा. शहराबाहेर महत्त्वाच्या फाट्यांवर आकड्यांच्या पाट्या. निघताना कागदावर पाच-सात आकडे लिहून घ्यायचे आणि एकेक गाठत जायचं. दमलात, तर गर्दीची वेळ सोडून सायकलचं वेगळं तिकीट काढा आणि सायकलसकट ट्रेनमध्ये चढा. घाट नाहीत, पण समोरून येणारा वारा घाटाइतकाच दम काढतो. दिवसभरात तुमच्याकडे कुणी वळून बघणार नाही, कारण सायकलवरचा माणूस तिथे नवलाचा नाही. मार्क रुट पंतप्रधान असतानाही ऑफिसला सायकलवरून जायचे.

आता चाकणहून भीमाशंकरला निघा. तळेगाव चौकातून पुणे-नाशिक हायवेला लागलात की एका बाजूला कंटेनर, दुसऱ्या बाजूला कंपनीची बस आणि समोरून राँग साइडने येणारी बाइक. राजगुरुनगरपर्यंत डोकं फक्त आरशात आणि हॉर्नमध्ये. तिथून डावीकडे वळलात की मात्र चित्र बदलतं. चासकमान धरणाचं पाणी, वाड्याच्या पुढचे चढ, पावसाळ्यात हिरवीगार भातखाचरं. टपरीवरचे काका चौकशी सुरू करतात, 'एवढ्या लांब सायकलवर? गिअर किती? केवढ्याला पडली?' आणि चहाचे पैसे घेत नाहीत. अंधार पडला तर देवळाच्या ओसरीवर पथारी टाकली तरी कुणी हटकत नाही.

म्हणजे टूर म्हणून आपल्याकडे काही कमी नाही. अडचण आहे ती राजगुरुनगरपर्यंतच्या त्या पहिल्या टप्प्याची. ज्यांच्या घरी कार आहे, ते सायकल कॅरिअरवर टाकतात आणि हायवे संपल्यावर उतरवतात. ज्यांच्याकडे नाही, ते ट्रॅफिक चुकवायला पहाटे चारला अंधारात निघतात. बाकीच्यांना, त्यातही मुलींना, घरूनच नाही म्हटलं जातं. दोन देशांतला फरक इथे आहे. तिथे टूर दारातून सुरू होते, इथे हायवे पार पडल्यावर.

म्हणूनच 'आपली माणसं प्रेमळ' हे वाक्य मला हल्ली खटकतं. ते खरं आहे, पण रस्त्याचा विषय टाळायला आपण ते वापरतो. चहा पाजणारे काका कंटेनर थांबवू शकत नाहीत. परदेशात सगळं सुरक्षित आहे, असंही नाही. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये, विशीत, सायकलवरून जगप्रदक्षिणा केली, तेव्हा स्पेनमध्ये तिला चाकूच्या धाकाने लुटलं गेलं. धोका सगळीकडे असतो. पण रोजच्या वाटेवरचा धोका कमी करणं माणसाच्या हातात असतं.

नेदरलँड्समध्ये तो आपोआप कमी झाला नाही. १९७१ मध्ये तिथे रस्त्यावर तीन हजारांहून जास्त माणसं गेली, त्यात चारशेहून अधिक मुलं होती. 'मुलांची हत्या थांबवा' म्हणत आईबाप रस्त्यावर उतरले. १९७३ च्या तेलसंकटात काही रविवार कार बंद राहिल्या आणि रिकामा रस्ता कसा दिसतो, ते लोकांनी पाहिलं. आजचे सायकल रस्ते त्यानंतरच्या कित्येक वर्षांच्या मागणीतून उभे राहिलेत.

'आमच्या छंदासाठी सरकारने रस्ता का द्यावा?' असं कुणी विचारेल. मग शिफ्ट सुटताना चाकण एमआयडीसीत उभे राहा. बिनगिअरची सायकल, हँडलला डब्याची पिशवी, मागे लाइट नाही. ज्या गर्दीला घाबरून आपण टूर रद्द करतो, तिच्यातून हा कामगार रोज जातो. हेल्मेट आणि जर्सी घातलेल्याबरोबर लोक सेल्फी काढतात, त्याच्याकडे कुणी बघतही नाही. लेन झाली, तर तिचा पहिला हक्कदार तो आहे. आपण शनिवार-रविवारचे.

आणि विचारायची वेळ हीच आहे. नाशिक फाटा ते खेड, म्हणजे राजगुरुनगर, या ३० किलोमीटरच्या आठपदरी उन्नत मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. वर गाड्यांना आठ पदर, तर खाली सायकलला किती फूट? सिव्हिलला असाल, तर प्रोजेक्टसाठी हाच विषय घ्या. नसाल, तरी चार मित्र मिळून एका शिफ्टच्या वेळी तळेगाव चौकात सायकली मोजा. तो आकडा घेऊन नगरपरिषदेत जा, महामार्ग प्राधिकरणाला पत्र लिहा, उत्तर येईपर्यंत पुन्हा लिहा. भीमाशंकरची टूर तोवर करायचीच आहे. फक्त पुढच्या बॅचला ती घराच्या दारातून सुरू करता यावी.