इंधनवडीला परवाना, पण धोका तंबूतच

तळहातावर मावणारी पत्र्याची घडीची शेगडी आणि तिच्यात जाळायची पांढरी वडी. गिर्यारोहकांच्या सॅकमध्ये आणि आपत्कालीन संचात ही जोडी कित्येक दशके आहे. जर्मनीच्या एरिख शुम यांनी ती १९३६ मध्ये आणली. ‘एसबिट’ हे नाव तेव्हाचे. ब्रिटनमध्ये मात्र १ ऑक्टोबर २०२३ पासून हेक्सामाइनची वडी सामान्य नागरिकाला परवान्याशिवाय विकत घेता येत नाही.

कारण आरोग्याचे नाही. फॉर्माल्डिहाइड आणि अमोनियापासून बनणाऱ्या हेक्सामाइनपासूनच पुढे आरडीएक्स तयार होते, आणि १९९३ नंतर ते नाव मुंबईकरांना समजावून सांगावे लागत नाही. युरोपीय महासंघ इतका पुढे गेलेला नाही. तिथे विक्रेत्याने संशयास्पद खरेदी कळवायची असते. हे सगळे रास्तच. पण वडीमुळे सामान्य माणसाच्या जिवाला असलेला धोका स्फोटाचा नाही, आणि त्याबद्दल कोणी फारसे बोलत नाही.

१४ ग्रॅमची वडी साधारण १२ मिनिटे जळते. अर्धा लिटर पाणी उकळायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे अडीचपट उष्णता वडीत असते. तरीही उघड्यावर पाणी कोमटच राहते, कारण वारा बरीचशी उष्णता पळवतो. मग माणूस शेगडी उचलून तंबूत नेतो. बाहेर पाऊस असेल तर तंबूचा पडदाही ओढून घेतो.

वडीला कापरासारखी काजळी धरत नाही, म्हणून ती ‘धूररहित’ म्हणून विकली जाते. हा शब्द फसवा आहे. ज्वाळा थंड भांड्याला टेकते तिथे ज्वलन अर्धवट राहते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. शिवाय फॉर्माल्डिहाइड आणि थोडे हायड्रोजन सायनाइडही बाहेर पडू शकते. फॉर्माल्डिहाइड निदान डोळे चुरचुरवून इशारा देते. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे हॉटेलच्या बंद खोलीत केरळचे आठ पर्यटक दगावले. तिथे गॅसचा हीटर होता. इंधन वेगळे, कोंडलेली हवा तीच.

हिमालयात जाणाऱ्यांसाठी यात आणखी एक गुंता आहे. डोकेदुखी, मळमळ, गुंगी ही या विषबाधेची लक्षणे विरळ हवेच्या त्रासाचीही आहेत. ‘उंची बाधली’ म्हणून माणूस त्याच तंबूत आडवा होतो. तंबूत काही पेटवले असेल आणि दोघा-तिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, तर आधी सगळ्यांनी बाहेर पडावे, निदान नंतर.

ब्रिटिश सैन्य हेक्सामाइन सोडून अल्कोहोलच्या घट्ट इंधनाकडे वळले आहे. त्याच्या रेणूत नायट्रोजन नसल्याने सायनाइडचा प्रश्न उरत नाही. कार्बन मोनॉक्साइडचा उरतो, आणि उन्हात त्याची ज्वाळा नीट दिसत नाही म्हणून हात भाजतो तो वेगळाच.

घरच्या आपत्कालीन संचात वड्या ठेवणाऱ्यांनी त्या औषधांच्या डब्याशेजारी ठेवू नयेत. लहान मुलाला त्या गोळ्याच वाटतील. विमानात त्या हातातल्या सामानात चालत नाहीत आणि चेक-इनच्या बॅगेतही नाहीत. लेहला जाणाऱ्यांनी शेगडी धुऊन न्यावी, इंधनाची सोय तिथे पोहोचल्यावर पाहावी.