कोर्सची फी भरण्यापूर्वी

मैत्रिणींनो, दहावी-बारावीचे निकाल लागले, की आपल्या नाशकात रिक्षांच्या पाठीवर, विजेच्या खांबांवर आणि वर्तमानपत्रातून पडणाऱ्या पत्रकांवर एकच घोषणा दिसू लागते: ‘शंभर टक्के नोकरी देणारा डिप्लोमा!’ साडीचा पोत दोन बोटांत धरून पाहिल्याशिवाय आपण दुकानदाराला पैसे देत नाही. इथं मात्र पंचवीस-तीस हजार मोजून मोकळ्या होतो.

माझ्या भाचीचंच सांगते. बारावी झाल्यावर तिनं एका खासगी संस्थेत वर्षभराचा फॅशन डिझायनिंगचा डिप्लोमा केला. प्रमाणपत्र काय देखणं! सोनेरी शिक्का, लाल फीत. वन्संनी ते काचेत मढवून बाहेरच्या खोलीत लावलं. मग पोरगी कॉलेजात पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मागायला गेली. तिथल्या बाईंनी कागद उलटसुलट करून विचारलं, “हे कुठल्या विद्यापीठाचं? क्रेडिट किती?” उत्तर नव्हतं. पुढे अंबडला कपड्यांच्या एका युनिटमध्ये गेली. सुपरवायझरनं प्रमाणपत्र पाहिलंसुद्धा नाही, सरळ विजेच्या मशिनवर बसवलं. ही पायमशिनवर शिकलेली. पायडल दाबलं न् कापड झर्रकन निसटलं. ओव्हरलॉकला दोरे कसे ओवायचे तेही ठाऊक नाही. कॉलेजच्या लेखी शिक्षण नाही आणि कारखान्याच्या लेखी काम येत नाही! महिनाभर पोर घराबाहेर पडली नाही, बाई.

तेव्हा म्हटलं, हे प्रकरण मुळातून समजून घ्यावं. कौशल्याच्या शिक्षणाच्या पायऱ्या ठरवणारा राष्ट्रीय आराखडा सरकारनं २०१३ साली केला. त्याच सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगानं कम्युनिटी कॉलेजची योजना आणली, पाठोपाठ २०१४ मध्ये ‘बी.व्होक.’ पदवीची. त्यातली कल्पना आपल्या सोयीची आहे. एक वर्ष करून थांबलं तर डिप्लोमा, दोन वर्षांनी ॲडव्हान्स डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी. मध्येच लग्न झालं, बदली झाली, तरी केलेलं पाण्यात जात नाही. अभ्यासाचा साठ टक्के भाग हातकामाचा आणि चाळीस टक्के सामान्य शिक्षणाचा. शिवाय हातकाम काय शिकवायचं हे प्राध्यापकांनी एकट्यानं ठरवायचं नाही, त्या उद्योगातल्या माणसांना बरोबर घ्यायचं. कागदावर तरी असं आहे. तुमच्या समोरच्या संस्थेत तसं घडतं का, ते आपण जाऊन पाहायचं. वर्गात कोणती मशिनं आहेत, प्रत्यक्ष कामाला मुलींना कुठं पाठवतात, हे विचारायला लाजू नका.

आणि तासांचा हिशेब मागा. २०२३ च्या नव्या आराखड्यात ३० तासांना एक क्रेडिट आणि वर्षाला ४० क्रेडिट, म्हणजे १२०० तास धरले आहेत. रोज दोन तास, आठवड्याचे पाच दिवस असा वर्ग वर्षभर भरला तरी पाचशेच्या आसपासच तास होतात. मग तो ‘पदवीच्या वर्षाइतका’ कसा, हे संस्थेनंच तुम्हाला समजावून सांगावं! मान्यताप्राप्त ठिकाणी मिळवलेली क्रेडिटं २०२१ पासून सुरू झालेल्या ॲकॅडेमिक बँकेत मुलीच्या नावावर जमा होतात. तिथं खातं उघडणार का, एवढा एकच प्रश्न विचारला तरी पुष्कळ संस्थांचा चेहरा उतरतो.

आयटीआय म्हटलं, की आपल्यातल्या कितीजणी नाक मुरडतात! पण तिथल्या राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्राला देशभर ओळख आहे. ओझरच्या एच.ए.एल.मध्ये शिकाऊ उमेदवार घेतानाही आयटीआयचा ट्रेड विचारतात. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केला, तर तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याची वाटही आहे.

जाहिरातीत आपल्या गंगापूर धरणाजवळच्या मुक्त विद्यापीठाचं नाव दिसलं, तर अभ्यासकेंद्राचा क्रमांक घ्या आणि विद्यापीठाच्या यादीत तो आहे का ते बघा. १९८९ मध्ये स्थापन झालेलं हे विद्यापीठ संसार सांभाळून शिकणाऱ्या बायकांचा मोठा आधार आहे. म्हणून तर त्याचं नाव बघून आपण चटकन विश्वास टाकतो.

तुमच्यापैकी कुणी पंधरा वर्षं ब्लाऊज शिवत असेल, तर तिच्यासाठीही एक सोय आहे. आधीपासून येणाऱ्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देतात. त्याला आर.पी.एल. म्हणतात. जवळच्या सरकारी कौशल्य केंद्रात चौकशी करा.

भाची यंदा आयटीआयमध्ये ड्रेस मेकिंगला आहे. पहिल्याच आठवड्यात बोटात सुई गेली, पण आता विजेच्या मशिनवर हात बसलाय. भिंतीवरची ती चौकट वन्संनी उतरवली. तिच्या मागचा जाड पुठ्ठा पोरीनं कॉलरचा साचा कापायला घेतला.