धरणातील रिकामी जागा



श्रावणात उकाईचे दरवाजे उघडले की घरोघरी एकच वाक्य ऐकू येते, ‘एवढे गोडे पाणी समुद्रात वाया चालले!’ आपल्यापैकी अनेकांची गावे जळगाव, धुळे, नंदुरबारकडची. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्या माणसाचा जीव हे पाहून तुटणारच. तरीही मला वाटते, पावसाळ्यात धरणात मुद्दाम राखलेली रिकामी जागा ही उधळपट्टी नव्हे, तो सुरतेचा विमा आहे.

ऑगस्ट २००६ मोठ्यांच्या लक्षात असेल. तापीच्या वरच्या खोऱ्यात मुसळधार पाऊस झाला, आणि आलेला लोंढा सामावून घेण्यापुरती जागा उकाईत नव्हती. सुमारे ९ लाख क्युसेक, म्हणजे दर सेकंदाला ९ लाख घनफूट, पाणी सोडावे लागले. शहराचा बहुतेक भाग बुडाला. आमच्या तळमजल्यावरचे धान्य, वह्या-पुस्तके, शिलाई मशीन सारे चिखलात गेले. पिण्यासाठी गच्चीवर पातेली मांडून पावसाचे पाणी धरले होते.

म्हणूनच कोणत्या तारखेला धरण किती भरावे, याची पातळी ठरवलेली असते. तिला ‘रूल लेव्हल’ म्हणतात. ३४५ फुटांची पूर्ण पातळी पावसाळ्याच्या अखेरीसच गाठायची असते.

पण विमा म्हटला की हप्ता आलाच. १९७२ मध्ये पूर्ण झालेले हे धरण केवळ पुरासाठी नाही. ३०० मेगावॅट क्षमतेचे वीजघर, कालव्यांवरचा ऊस आणि भात, आपल्या नळाचे पाणी, सारे त्याच साठ्यावर. जागा रिकामी ठेवली आणि पुढे पावसाने दगा दिला, तर फटका शेतकऱ्याला. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर! धरणासाठी आदिवासींनी आपली गावे आधीच दिली आहेत. सुरक्षितता शहराला आणि हप्ता मात्र खेड्यांनी भरायचा, हा न्याय नव्हे.

आपला हप्ता आपण पाणी वाचवून भरावा. २०१४ मध्ये पालिकेने सांडपाणी शुद्ध करून पांडेसराच्या कारखान्यांना देण्यास सुरुवात केली. त्या प्रकल्पाची क्षमता रोज ४ कोटी लिटर होती. तितके तापीचे गोडे पाणी वाचू शकते. शुद्धीकरणाला वीज आणि पैसा लागतो, हे मान्य. पण एका महापुराच्या नुकसानीपुढे तो खर्च जड वाटू नये. अशा योजना वाढाव्यात आणि त्यासाठी पाणीपट्टी थोडी वाढली, तर आपण कुरकुर करू नये.

विश्वस्तांना एक विनंती. शाळेच्या गळक्या नळांखाली मुलांनी बादली ठेवून रोज किती पाणी जाते ते मोजावे, आणि तो आकडा फलकावर लिहावा. नळ मग आपोआप दुरुस्त होतील!

आषाढ शुद्ध सप्तमीला आपण तापीमातेचा वाढदिवस साजरा करतो, तिला चुंदडी वाहतो. तिला वाहण्यासाठी जागा ठेवणे आणि तिचे पाणी जपून वापरणे, हीही तिची पूजाच आहे.

– एक पालक